विसावी काच

अक्का, मुंबईहून माझ्या काचेचा निकाल आला तेव्हा मी एका दिवसाच्या मुलीला न्हाऊ घालत होते. त्याला आता दोन वर्षं होत आली, आणि तुम्हाला जाऊन अकरा. या दोन वर्षांत तुम्हाला सांगायचं म्हणून मनात कितीदा वाक्यं जुळवली, पण कागद घेऊन बसणं काही झालं नाही. आज आमच्या प्रसूतिगृहात एकही खाट भरलेली नाही. बाहेर जळगावचं दुपारचं ऊन तापलंय, आयाबाई भिंतीला टेकून पेंगतेय आणि मी लिहायला घेतलंय. मी बावीस वर्षांची, कडेवर मुलगी, कपाळ मोकळं, अशी धुळ्याला तुमच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिले होते तेव्हा तुम्ही मला आत घेतलंत. बाळ कसं झेलायचं, नाळ कशी बांधायची, बाई घाबरली की तिच्या नजरेला नजर कशी द्यायची, सगळं तुम्ही शिकवलंत. म्हणून हेही तुम्हालाच सांगायचंय.

तर ती मुलगी माझ्या पायांवर होती. डोक्यावर पाणी पडलं की मुठी आवळत होती. इतक्यात आमच्या डॉक्टरबाई दारात आल्या. वयानं माझ्या मुलीहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या, मुंबईहून शिकून आलेल्या, हुशार, आणि बायकांशी बोलताना आवाज कधी न चढवणाऱ्या. एरवी त्या दारातूनच काय ते सांगून जातात. त्या दिवशी म्हणाल्या, "बाई, तिला आयाबाईंकडे द्या. हात पुसून जरा आत या." मी आत गेले तर त्यांनी दार लावून घेतलं. मेजावर मुंबईचा लांबट लखोटा उघडा पडला होता. मी म्हटलं, "आला का निकाल? कशा आहेत आपल्या बायका?" त्या म्हणाल्या, "एकोणीस काचा स्वच्छ आहेत. एक तशी नाही." माझ्या डोळ्यांपुढे पारोळ्याकडच्या त्या गावातल्या बायका एकेक करून आल्या. ती सारखी खोकणारी, ती सात बाळंतपणं झालेली. मी विचारलं, "कोण हो बिचारी?" डॉक्टरबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला, पण बोट त्यांचं कागदावरच राहिलं. बोटाखाली आकडा होता वीस.

अक्का, तो आकडा मीच लिहिला होता. काचेच्या टोकाला हिरकणीच्या लेखणीनं आकडे कोरण्याचं काम माझंच होतं. तरीही मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, "वीस नंबरची कोण?" आणि मग डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. कानात एकदम काही ऐकू येईना. बाहेर ती मुलगी रडत असणार, टांगेवाला हाका मारत असणार, पण मला फक्त डॉक्टरबाईंचे ओठ हलताना दिसत होते. पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते असं, "चूक झाली असेल. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली." जणू पाळी गेली म्हणजे ते सगळं घरच माझ्या अंगातून उठून गेलं होतं. तुम्हाला सांगते, पाळी गेली तेव्हा मला फार सुटल्यासारखं वाटलं होतं. जुन्या धडप्यांची बोचकी आयाबाईला फरशी पुसायला देऊन टाकली होती. आता इथून पुढे माझ्या शरीराकडून मला काही कळायचं राहिलेलं नाही, अशाच भ्रमात मी होते. ना दुखणं, ना खुपणं, ना एक थेंब.

काचेचं हे काय प्रकरण, ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या वेळी ते नव्हतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी लाकडाची चपटी काडी हलकेच फिरवायची, तिला लागलेला ओलावा काचेच्या पट्टीवर पसरायचा, पट्टी स्पिरिट आणि ईथरच्या बरणीत बुडवायची आणि मुंबईला पाठवायची. तिथं मोठे डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघतात. बाईला काही कळायच्या कितीतरी आधी तिथल्या पेशी बदललेल्या दिसतात म्हणे. डॉक्टरबाई हे शिकून आल्या आणि आल्या त्या याच ध्यासानं. आमच्याकडे बायका बाळंतपणाला येतात, पण पाळी गेलेल्या बायका कशाला येतील? म्हणून गावात जायचं ठरलं. पारोळ्याच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या शाळेत दोन खोल्या मिळणार होत्या. आधी मी एकटी जाऊन बायकांशी बोलून यायचं.

मी गेले. मारुतीच्या पाराच्या मागच्या अंगणात बायका जमल्या होत्या. माझं सगळं बोलणं ऐकून घेतल्यावर एक बाई उठली. पंचावन्नच्या आसपासची, अंगानं कडक, नवरा गेल्यापासून स्वतःचा मिरचीचा मळा करणारी आणि स्वतःच पारोळ्याच्या बाजारात बसून मिरची विकणारी. गावातल्या बायका तिच्या तोंडाकडे बघूनच हो-नाही ठरवतात, हे मला तेवढ्यात कळलं होतं. ती म्हणाली, "तू आमले सांगी ऱ्हायनी, पन तुनी करी का?" मी जमलेल्या बायकांवरून नजर फिरवत म्हटलं, "केली की. माझी तर केव्हाच झाली." तिनं विचारलं, "मंग? काय निंघनं?" मी म्हटलं, "काही नाही निघालं. एकदम स्वच्छ."

हे मी खोटं बोलले, अक्का. माझी तपासणी झालेली नव्हती, आणि ती करून घ्यावी असं माझ्या मनातही आलेलं नव्हतं. मी तपासणारी. तपासून घेणाऱ्या त्या. पण त्या खोट्याचा उपयोग झाला. पुढच्या आठवड्यात शाळेच्या खोलीत आम्ही पडदा बांधला आणि एकोणीस जणी आल्या. मिरचीवाली मात्र आली नाही. लाकडी पेटीत काचा उभ्या ठेवायला वीस खाचा होत्या. संध्याकाळी आवराआवर करताना ती एक रिकामी खाच मला सारखी दिसायला लागली. वाटलं, आपण बोललो ते निदान अर्धं तरी खरं करावं. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "माझीही घेऊन टाका, पेटी भरू दे." त्या हसल्या. मीही हसले. आत बघायचं लोखंडी स्पेक्युलम गार होतं म्हणून मी त्यांना ओरडलेसुद्धा.

आणि आता तो कागद. डॉक्टरबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "बाई, नीट ऐका. या कागदावर कुठल्याही रोगाचं नाव लिहिलेलं नाही. पेशी बदललेल्या दिसतात, संशय येतो, पुन्हा तपासा, एवढंच लिहिलंय. पाळी गेल्यावर तिथली कातडी पातळ होते, कोरडी पडते. तशा कोरड्या पेशीही कधीकधी वेड्यावाकड्या दिसतात आणि बघणाऱ्याला फसवतात. मी तुम्हाला मलम देते. ते महिनाभर लावायचं, कातडी जरा सुधारली की आपण दुसरी काच घेऊ. ती स्वच्छ निघाली तर प्रश्न मिटला." मी विचारलं, "आणि नाही निघाली तर?" त्या म्हणाल्या, "तर मुंबईला जाऊन एक छोटा तुकडा काढून बघावा लागेल. काच फक्त शंका दाखवते. उत्तर तुकडाच देतो." किती साधं सांगितलं होतं त्यांनी. तीस वर्षं मी याच कामात आहे, मला ते शब्दन् शब्द समजायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच होतं, ते म्हणजे तुमचं धुळ्याचं परसदार.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढचा उन्हाळा. मुलीच्या लग्नाचं सांगायला मी धुळ्याला आले होते. तुम्ही दवाखाना सोडून वर्ष झालेलं, वय साठीच्या पुढचं. स्वयंपाकघरात तुम्ही कळण्याच्या भाकरी थापताय, मी पाटावर बसलेय, आणि तुम्ही मला ती लाकडाची नळी देताय, पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची, तुमची स्वतःची, कडा वापरून गुळगुळीत झालेली. म्हणताय, "आता मला कुठं लागते? तुझ्या कानाला बरी बसेल." मी हात धुवायला परसात जाते. दोरीवर तुमचं पांढरं लुगडं वाळतंय. वाऱ्यानं ते हललं आणि त्याच्या खाली वाळत घातलेली धडपी दिसली. धुतलेली, पण डाग न गेलेली. एक नाही, सहा-सात. घरात तुमच्याशिवाय दुसरी बाई नव्हती.

मी आत आले आणि विचारलं. तुम्ही तव्यावरून नजर काढली नाहीत. "उष्णता आहे. सब्जा घेतेय, जाईल." मी म्हटलं, "अक्का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर बाईला घरी पाठवायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." मग तुम्ही वळलात. तुमचा तसा आवाज मी प्रसूतीच्या खोलीतसुद्धा कधी ऐकला नव्हता. "मला शिकवू नकोस. जेव आणि गाडी गाठ." भाकरी माझ्या ताटात टाकलीत ती उंचावरून. मी जेवले, नळी पिशवीत घातली आणि गाडी गाठली. दिवाळीच्या सुमारास तुमच्या भाचीचं पत्र आलं. मी आले तेव्हा तुमच्या खोलीत सकाळपासून ऊद जळत होता आणि त्याखालून तो वास येत होता, जो आपल्या कामातल्या माणसाला एकदा आला की विसरता येत नाही. शेवटी तुम्ही सरकारी डॉक्टरांना बघू दिलंत. त्यांनी बाहेर येऊन मला फक्त मान हलवून सांगितलं. मुंबईला रेडियमचा उपचार होतो म्हणाले, पण तुम्ही उठायला तयार नव्हतात. पौषात तुम्ही गेलात.

नऊ-दहा वर्षं मला तुमचा राग होता, हे आज लिहिते. सगळ्या खानदेशातल्या बायकांना सांगत फिरलात आणि स्वतःचं लुगड्याखाली लपवलंत, असं मी मनातल्या मनात तुम्हाला म्हणत असे. नव्या मुली शिकायला आल्या की तुमचं नाव न घेता तुमचीच गोष्ट त्यांना सांगत असे. माहिती असून कसं गप्प बसतात माणसं, असं म्हणून मान हलवत असे.

आणि मग तीच वेळ माझ्यावर आली. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी मला आत एकदा नीट बघून घेतलं. काही दिसलं नाही म्हणाल्या. मी कागद आणि मलमाची नळी घेऊन घरी आले आणि दोन्ही तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली घालून ठेवलं. डाळीच्या डब्यात, अक्का! मुलगी भुसावळहून पंधरा दिवस राहायला आली होती, तिला दिसू नये म्हणून. आठ दिवस मी मलमाला हात लावला नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं तर "लावतेय" म्हटलं. मनात म्हणायची, त्या नव्या डॉक्टरांची नवी खुळं, मला काय झालंय, मी धडधाकट आहे, जिना चढते, दोन-दोन बादल्या उचलते. तपासल्यामुळे थोडं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी, जुनं लुगडं फाडून घेतलेल्या धडप्यावर गुलाबी ठिपका दिसला होता, नखाएवढा. मी तो धडपा धुतला, गच्चीवर गेले, दोरीवर वाळत घातला आणि त्याच्यावर लुगडं पसरलं. पसरताना काही वाटलं नाही. नवव्या दिवशी कपडे काढायला गेले, लुगडं ओढलं, धडपा त्या दिवसापासून तिथंच राहिलेला होता, आणि मी दोरी धरून उभी राहिले. असं वाटलं की तुम्ही मागं उभ्या आहात. मला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. तुमच्याइतकंच ठाऊक होतं. आणि त्यानं काही म्हणजे काही फरक पडला नव्हता.

मी तशीच खाली आले आणि मुलीसमोर डबा पालथा केला. डाळ परातीत, डाळीवर कागद आणि मलम. तिला वाचून दाखवलं. ती रडली, मग चिडली. "आठ दिवस? आई, तू? तू लोकांना ओरडतेस ना?" मी म्हटलं, "हो. मीच ती." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंकडे जाऊन खरं सांगितलं आणि महिनाभर न चुकता मलम लावलं. दुसरी काच घेतली. या खेपेला गार लागलं तरी मी काही बोलले नाही. दोन आठवड्यांनी लखोटा आला. मी खात्री धरून बसले होते की स्वच्छ असणार. पातळ कातडीचं कारण मला इतकं पटलं होतं. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "तसंच आहे. कातडी सुधारलीय, पण त्या पेशी तशाच आहेत. मुंबईला जायचं." दुसऱ्यांदा ऐकताना धक्का कमी बसेल असं वाटलं होतं. तो जास्त बसला, कारण या वेळी मी सगळं ऐकू शकत होते.

जायच्या आधी मी पारोळ्याची गाडी धरली. डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं. उलट त्या म्हणाल्या होत्या की बायका घाबरतील, पुढच्या वेळी एकही येणार नाही. पण मला राहवेना. त्या एकोणीस जणींना स्वच्छ निकाल सांगायचा होता आणि माझाही सांगायचा होता. त्याच अंगणात बायका बसल्या. मी म्हटलं, "तुमच्या सगळ्यांच्या काचा चांगल्या आल्या. माझी आली नाही. आणि मागे मी तुम्हाला सांगितलं की माझी झालीय, ते खोटं होतं. तेव्हा झाली नव्हती. नंतर केली." एक म्हातारी लुगड्याचा पदर तोंडाला लावून माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिथंच पडणार आहे. मिरचीवाली मागे खांबाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "तुले दुखत व्हतं का?" मी म्हटलं, "नाही." "रगत जात व्हतं?" "नाही. काहीच नव्हतं. मी आजही तुमच्यासारखीच आहे." ती निघून गेली. मला वाटलं, डॉक्टरबाई बरोबर म्हणत होत्या.

मी गाडीच्या वाटेला लागले तर ती रस्त्यात मळ्याच्या बांधावर उभी होती. "तू तवय खोटं बोलनी, हाई माले तवयच समजनं व्हतं," ती म्हणाली. मी विचारलं, "कसं समजलं?" ती म्हणाली, "तू बठ्ठ्यासकडे देखं. मनाकडे देखं नही." खरंच, मी सगळ्यांकडे बघितलं होतं, तिच्याकडे तेवढं नाही. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "माले जास. होळीपासून जास. मन्ही पाळी जाईसन धा वरीस व्हयनात." मिरच्यांचा वास तिच्या हातांना होता. तिनं तोंड झाकलं आणि डोळ्यांना तिखट लागलं की काय, डोळे चोळायला लागली. मी तिचे हात धरून खाली ओढले, नाहीतर आणखी चोळले असते. होळी होऊन आठ महिने झाले होते. म्हणजे मी पहिल्यांदा त्या अंगणात उभी राहून बोलले तेव्हाही तिचं जातच होतं. माझं खोटं एकोणीस जणींना पुरलं आणि जिला सगळ्यात जास्त गरज होती ती त्याच्यामुळेच मागे राहिली. मी तिथंच रस्त्यात खाली बसले. तीही शेजारी बसली. मग म्हणाली, "आते तू मुंबईले जाशी, तं माले बी लई चाल."

आम्ही दोघी गेलो, माझी मुलगी बरोबर होती. त्या मोठ्या दवाखान्यात माझा चिमटीएवढा तुकडा काढला. पाच दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून कागदावर रेघा काढून दाखवल्या. वरची कातडी, खालची कातडी, मधली सीमा. म्हणाले, "बिघाड इथं, वरच्या थरात आहे. सीमा ओलांडलेली नाही. ओलांडायला कधीकधी कितीतरी वर्षं लागतात. पिशवी काढून टाकली की तुम्ही मोकळ्या." मी विचारलं, "म्हणजे मला रोग झालाय की नाही?" ते म्हणाले, "याला रोग म्हणायचं की रोगाच्या आधीचं काही, यावर आमच्यातच एकमत नाही." माणसाला धक्का बसायला नाव लागत नाही, हे त्या दिवशी कळलं. ऑपरेशन झालं. सहा आठवडे मी बादली उचलली नाही. वर्षभरानं डॉक्टरबाईंनी पुन्हा काच घेतली आणि स्वच्छ आली. यंदाही आली. तरी लखोटा दिसला की अजून कानात ऐकू येईनासं होतं.

मिरचीवालीची सीमा ओलांडून झाली होती. तिला रेडियम दिलं, दोन खेपा. पहिल्या खेपेनंतर ती मला म्हणाली की आपल्या पोटात कुणीतरी मिरची वाटतंय. पण ती घरी परतली. मे महिन्यात आपलं नवं राज्य झालं, पारोळ्याला मिरवणूक निघाली, तर ती मळ्यातून पाहायला आली होती म्हणे. मागच्या मंगळवारी जळगावला तपासायला आली, वांगी घेऊन आली भरताची. चेहरा उतरलेला, पण बोलणं तेच. अजून किती, ते डॉक्टरबाई सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. ती मात्र गावातल्या बायकांना सांगते, "जवय थेंब दिसना, तवयच जावो. मनासारखं करू नका." म्हणजे थेंब दिसताच जा, तिच्यासारखं अंगावर काढू नका. या वर्षी त्या गावातून त्रेचाळीस जणी आल्या. पेट्या तीन लागल्या.

अक्का, तुमच्यावरचा माझा राग कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. गेला एवढं खरं. तुम्ही तव्यावरून नजर काढली नव्हतीत, ती माझ्याकडे पाहायचं नव्हतं म्हणून. उत्तर दिलंत तर ते खरं होणार होतं. मी त्या वेळी तुमच्या दंडाला धरून बसायला हवं होतं, भाकरी करपली असती तरी. तेवढं माझ्या हातात होतं आणि मी गाडी गाठली. आता मी बायकांना विचारते तेव्हा विचारून झालं की निघत नाही. तिथंच बसते. काहीजणी तासभर गप्प बसतात, मग सांगतात. डॉक्टरबाई म्हणतात, बाई, तुमचा फार वेळ जातो. जाऊ दे.

आयाबाई उठली, बाहेर कुणीतरी बैलगाडी थांबवल्याचा आवाज आलाय, म्हणजे खाट भरणार. ही पानं मी लखोट्यात घालणार नाही, धुळ्याच्या त्या घरात आता तुमच्या भाचीचीही माणसं राहत नाहीत. कुणाच्या हाती पडायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही गेलात त्या सकाळी तार आली होती. शेवटचं दर्शन झालं नाही, धुळ्याची गाडी चुकली, असं मी तुमच्या भाचीला कळवलं, आणि तिनं ते मानलं. गाडी चुकली नव्हती, अक्का. मी वेळेवर स्टँडवर पोचले होते. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, येताय का. मी नाही म्हणून मान हलवली आणि बाकावर बसून राहिले. तुमच्या खोलीतला तो वास पुन्हा घ्यायची मला भीती वाटली होती.